नारळ ठेवणारा सलिल

शिमग्यात पालखीपुढं आमच्या वाडीचा नमनाचा खेळ होतो, नाचगाण्याचा, त्याचा मृदंग हरिश्चंद्र तात्या वाजवतात. वय बहात्तर. शिमग्याला रजा देईनात म्हणून मुंबईत तीन नोकऱ्या सोडल्या त्यांनी. तुळसाकाकी, त्यांची बायको, म्हणते, "नोकऱ्यांसारखी मी शिमग्याला आडवी आले नाय, म्हणून वाचले."

मी नववीत शाळा सोडली. जयगडला पोर्टवर कामाला जातो. सहा वर्षं रोज तात्यांकडं बसतो. मृदंगाच्या डाव्या तोंडाला घुमण्यासाठी कणीक लावायला मिळाली ती चौथ्या वर्षी. आता तात्यांचा हात कापतो. यंदा पालखीपुढं मीच वाजवणार, हे मी मनात पक्कं केलेलं. मला कोणी विचारलं नव्हतं, ते सोडा.

मग सलिल आला. गावातल्याच बागायतदारांचा, पुण्यात कॉलेजला. नमनाची किंमत काढायचा प्रोजेक्ट म्हणे. "नमन बंद पडू नये म्हणून वर्षाला किती द्याल?" असं घरोघर विचारत फिरला. रामाकाका म्हणाले, "पाचशे लिव. आत्ता द्यायचे नायत ना?"

चार दिवसांत तात्यांनी त्याला मृदंगावर हात ठेवू दिला. चार दिवसांत. आणि त्याची बोटं ठेक्यावर बरोबर पडत होती. तेच जास्त झोंबलं.

शेवटी त्यानं तात्यांना विचारलं, "ही विद्या द्यायची तर काय घ्याल?"

"नारळ. मी पण गुरूपुढं नारळच ठेवलेला."

सलिलनं फॉर्मवर लिहिलं, तीस रुपये.

मी भडकलो. "तीन नोकऱ्या गेल्या त्यांच्या, आणि तू तीस लिहितोस?"

"मग किती लिहू?" त्यानं खरंच विचारलं.

मला आकडा सुचेना. लाख म्हटलं असतं, तर कोणीतरी लाख आणून मृदंग उचलून नेईल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो नारळ घेऊनच आला. तात्यांनी तो मृदंगापुढं ठेवला, सलिलला कुंकू लावलं.

"तात्या, आणि मी? सहा वर्षं?"

"तू कधी नारळ ठेवलास?"

नव्हता ठेवला. मी स्वतःला घरचा समजत होतो. घरच्यानं कसला नारळ ठेवायचा?

"मला वाटलं, तुला नुसतं बसायला बरं वाटतं," तात्या म्हणाले. "शिकायचंय असं बोललास कधी?"

मी तसाच दुकानात गेलो, नारळ आणला. तात्यांनी तो सलिलच्या नारळामागं ठेवला. "पालखीपुढं आधी तो, मग तू. नारळ त्याचा आधी आला."

सलिल म्हणाला, "शिमग्यात माझी परीक्षा आहे. पण बघतो."

त्याचं ते 'बघतो' मला अजून टोचतंय. रोज संध्याकाळी आम्ही पाळीपाळीनं वाजवतो. माझी पाळी आली की मी जोरात हाणतो. तात्या म्हणतात, "सावकाश रे, चामडं फाटंल."