सहावा आकडा

त्याने पाच आकडे सांगितले. सहावा सांगितला नाही.

माझा बा बंगल्याच्या पायरीवर अनवाणी उभा होता, डोक्याचा पटका काढून काखेत धरलेला. मालकाच्या मुलाने पाच आकडे वाचले, फोन मांडीवर उपडा टाकला आणि चहाचा कप उचलला. मी फाटकाबाहेर होते. माझ्या हातातल्या फोनवर पाच चौकटी भरल्या होत्या, सहावी रिकामी होती आणि खाली सेकंद उलटे पळत होते.

"अन् फुडला, मालक?" बाने विचारले.

"फुडला लय महाग हाय, म्हाताऱ्या."

ओसरीतल्या खुर्च्यांवर त्याचे मित्र बसले होते. रविवार होता, परभणीहून ते जेवायला आले होते. ते हसले. बासुद्धा हसला. मालकाच्या दारात कुणी हसले की आपणही हसायचे, ही आमच्या वस्तीची जुनी रीत.

"आसं कर," मालकाचा मुलगा म्हणाला, "ते मेंढरं हाकायचं वरडतूस ना, ते वरडून दाखव. आमच्या पाहुण्यांनी कदी ऐकलं न्हाई. मग सांगतो."

गावात आम्ही त्याला छोटे मालक म्हणतो, अहोजाहो करतो. इथे करणार नाही.

माझ्या बँकेच्या खात्याची किल्ली त्याच्या फोनमध्ये कशी गेली, ते आधी सांगितले पाहिजे. आम्ही मेंढरे पाळणारे. मानवत तालुक्यातल्या एका गावाबाहेर आमची वस्ती आहे. वर्षातला बराच काळ घरातली माणसे कळपामागे रानोमाळ हिंडतात. रानात चार्जिंग नसते. रिचार्ज संपला की नंबर बंद पडतो आणि पुढच्या खेपेला दुसरेच कार्ड घ्यावे लागते. बँकेची माणसे खाती उघडायला गावात आली, तेव्हा ती मालकांच्या ओसरीवर बसली. प्रत्येकाला मोबाइलचा नंबर विचारू लागली. बाने हात जोडले आणि म्हणाला, "मालकाचाच टाका. त्यो कदी बदलत न्हाई." त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी तेच सांगितले. मी तेव्हा एम. ए. होऊन घरी बसले होते. मीही तोच नंबर सांगितला. कुणी बळजबरी केली नाही. मालकांनी मोठ्या मनाने मान डोलावली आणि आम्हाला तो मान वाटला.

तेव्हापासून आमच्या खात्यात काय आले नि काय गेले, हे आमच्या आधी बंगल्यात कळते. मालकांचा तो फोन आता त्यांच्या मुलाच्याच हातात असतो. "तुजा पगार झाला बरं का गं," असे मालकीणबाई मला भर रस्त्यात सांगत. मला अंगावरचा पदर कुणी ओढल्यासारखे व्हायचे. मी मान खाली घालून "बरं" म्हणायची. एरवी त्यांच्याकडे जाण्याची गरज पडत नसे. मी शाखेत जाऊन, स्लिप भरून पैसे काढत असे. एटीएमचे कार्ड मी कधी घेतलेच नाही.

मी मानवतच्या एका खाजगी शाळेत शिकवते. शिकवते वर्गाला, कागदावर मात्र मी मदतनीस आहे, कारण बी. एड. नाही. लग्न झाले, मोडले, मी परत आले. त्यात वर्षे गेली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी धीर करून बी. एड.ची प्रवेश परीक्षा दिली आणि परभणीच्या एका महाविद्यालयात मला जागा मिळाली. यादी शुक्रवारी संध्याकाळी लागली. शुल्क रविवारपर्यंत भरायचे होते, तेही ऑनलाइनच. मधला शनिवार महिन्यातला दुसरा. शाखा बंद. पैसे माझे होते, माझ्याच खात्यात होते.

शनिवारचा सगळा दिवस त्या पडद्यासमोर गेला. वापरकर्त्याचे नाव. पासवर्ड, त्यात एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह हवे. वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहा. चुकली. पुन्हा लिहा. बराच वेळ हालचाल नसल्याने तुम्हाला बाहेर काढण्यात आले आहे. पुन्हा आत या. 'मी यंत्रमानव नाही' या ओळीपुढच्या चौकोनात खूण करा. मी खूण केली. डोळे दुखून आले, पण त्या यंत्राचा मला फारसा राग आला नाही. ते निदान सगळ्यांना तेच प्रश्न विचारते, बंगलेवाल्याला आणि मेंढपाळाच्या लेकीला. शेवटी पडद्यावर आले: आपल्या नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे. क्रमांकाचे शेवटचे आकडे दाखवले होते. ओळखीचे होते. माझे नव्हते.

क्रमांक बदलता येतो का, ते पाहिले. येतो. त्यासाठी जुन्या क्रमांकावर ओटीपी पाठवतात.

कुणाकडे उसने मागावे, तर वस्तीत ज्याच्या खात्यात चार पैसे होते, त्याच्याही खात्याची किल्ली त्याच बंगल्यात होती. रविवारी मी निघाले, तर बाने मला अडवले. "तू फाटकाशीच ऱ्हा. तुला मागायचं कळत न्हाई. मी मागतो."

तो बरोबर बोलला होता. मागण्याचे शिक्षण त्याने आयुष्यभर घेतले होते. मी शाळेत गेले म्हणून माझे ते राहून गेले.

बाची ती हाळी मी जन्मापासून ऐकते आहे. ती बेंबीच्या देठापासून निघते, जीभ टाळूला लागून फुटते आणि शेवटी उंच जाते. दिवस कलताना माळावर ती घुमली की पांगलेली मेंढरे माना वर करतात. लहानपणी रानातल्या पालात मला जाग यायची, अंधारून आलेले असायचे. दुरून ती हाळी यायची आणि माझी भीती जायची. ते गाणे नव्हे. सोंग नव्हे. ते माझ्या बापाचे काम आहे.

त्याने ती पायरीवर उभे राहून काढली. आधी हळू काढली.

"जोरात की."

त्याने जोरात काढली. एका पाहुण्याने फोन उभा धरला. "परत एकदा, बाबा. इकडं तोंड करून."

बाने तिकडे तोंड केले.

मी फाटकाची सळई धरून उभी होते. त्या घरासमोर मी कधी बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाही.

"सात," मालकाचा मुलगा म्हणाला. "जा पळ."

आणि बा पळत आला. सत्तरीचा माणूस. "सात. सात म्हनले. टाक लवकर, सात." त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. लेकीसाठी काहीतरी कमावून आणल्याचा आनंद. ते तोंड मी विसरू शकत नाही. पायरीवरची हाळी एक वेळ विसरेन, पण ते तोंड नाही.

मी सात टाकला. पडद्यावर आले: वेळ संपली आहे. पुन्हा ओटीपी मागवा.

"झालं?"

"वेळ संपली, बा."

"मंग दुसरा मागव की. आन्तो मी." त्याने पटका पुन्हा काखेत घेतला आणि तो पायऱ्यांकडे वळला.

मी त्याचा सदरा मागून धरला.

"न्हाई."

"आगं, देतेत ते. जरा गंमत करायलेत."

"न्हाई, बा."

"तुजी जागा जाईल."

"जाऊ दे."

ओसरीतून आवाज आला, "का रं, झालं का काम? का अजून एक वरडतूस?" पाहुण्यांत पुन्हा हशा झाला. बा हसायला लागला, आणि माझ्याकडे पाहून थांबला. मी फोन बंद केला. जागा तिथे, त्या फाटकाशी गेली. दुसऱ्या कुणी घालवली नाही. मी सदरा सोडला असता तर ती मिळालीही असती. हे मला पक्के ठाऊक आहे आणि म्हणूनच ते दुखते.

घरी आल्यावर बा माझ्यावर चिडला. जेवला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "वरडलो तर काय झालं? रोजच वरडतो की."

मी भिंतीकडे तोंड करून रडले. त्याला आपला अपमान झाला हे कळलेच नाही, म्हणून रडले, की कळले होते आणि ते माझ्यापासून लपवण्यासाठी तो असे बोलला, म्हणून रडले, हे मला सांगता येणार नाही.

सोमवारी शाळेतून रजा घेतली आणि शाखेत गेले. खिडकीतल्या साहेबांना म्हटले, खात्याचा मोबाइल नंबर बदलायचा आहे.

"जुना चालू आहे ना? मग घरूनच करा. ओटीपी येतो."

"तो माझा नाही."

"मग कुणाचा?"

मी मालकांचे नाव सांगितले. साहेबांचा चेहरा खुलला. "अरे, मग अडचणच काय? आपलेच आहेत ते." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन लावला. "नमस्कार साहेब. तुमचं माणूस आलंय इथं. नंबर बदला म्हणतेय. काय करू?"

तुमचं माणूस.

मी एम. ए. आहे, हे तिथे सांगण्यात अर्थ नव्हता. मोठी भाषणे मला येत नाहीत. शाखेत माणसे होती, पंखा गरगरत होता, आणि माझ्या तोंडून घरचीच भाषा निघाली. "साहेब, खातं कुनाच्या नावावर हाय?"

"तुमच्या. पण—"

"मग त्यायला कशाला इचारायलात? मी त्यायचं माणूस न्हाई. मी खातेदार हाय. मला इचारा."

साहेबांनी फोनवर हात ठेवला. मागच्या रांगेतला खोकणारा माणूस खोकायचा थांबला. साहेबांनी क्षमा मागितली नाही. फोन मात्र ठेवला. मग त्यांनी मला बाकावर बसवून ठेवले. जेवणाची सुट्टी झाली. सुट्टी संपली. माझ्या मागून आलेली माणसे कामे करून गेली. शेवटी सही घेतली, तर ती जुन्या सहीशी जुळेना. पुन्हा करा. पुन्हा जुळेना. "ही तुमचीच सही आहे ना?" असे त्यांनी विचारले. मी हात मांडीवर ठेवून तो स्थिर होईपर्यंत थांबले आणि तिसऱ्यांदा केली. जुळली.

माझ्या फोनवर बँकेचा पहिला संदेश आला, तेव्हा मला आनंद झाला नाही. ज्याच्यासाठी तो हवा होता, ते काल गेले होते.

मालकांनी बाला बोलावून घेतले. "लेकीला लय शिकवलंस," एवढेच म्हणाले. मग बा निघाला तेव्हा सांगितले, की यंदा मूग निघालेल्या त्यांच्या रानात आमची मेंढरे बसणार नाहीत. कळप रात्री शेतात बसवायचा, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे, हा आमचा दर साली ठरलेला आधार. तो गेला. बा घरी येऊन म्हणाला, "चार मान्सांत माजी काय इज्जत ऱ्हायली?" पायरीवर जे झाले त्यात त्याची इज्जत गेली नव्हती. मी नंबर बदलला, त्याने गेली. पुष्कळ दिवस तो भाकरी वाढली की खाली बघून खायचा.

त्याच काळात वस्तीतल्या बाया एका संध्याकाळी माझ्या दारात आल्या. शेजारची काकू पुढे होती.

"आमचा बी नंबर बदलून दे, माय."

"देते की. तुमचे फोन घेऊन चला."

"आमचा कशाला? तुजाच टाक. तू शिकलेली, घरची. आमाला कुठं वाचता येतंय."

ते मला गोड लागले. खोटे कशाला लिहू. साऱ्या वस्तीचे संदेश माझ्या फोनवर येतील. ओटीपी हवा असला की काकू माझ्या दारात येईल, मी वाचून दाखवीन. मी कुणाला छळले नसते. पण मागायला यावे तर लागलेच असते. आणि मी एखाद्या दिवशी जेवत असते, झोपलेली असते, रागात असते. बंगल्यातलेही काही पहिल्या दिवसापासून हसत नव्हते.

"न्हाई, काकू. ज्याचा त्याचा नंबर."

"आन् वाचायचं कुनी?"

"तुमी. नुसते आकडे हायेत. मी शिकवते."

"ह्या वयात?"

"ह्याच वयात."

काकू उठली. लुगडे झटकून म्हणाली, "चार बुकं शिकली तर मालकिणीवानी तोरा करायली." तिच्यामागे आणखी काही जणी उठून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या.

गेल्या त्या गेल्या. मी माझा नंबर देणार नाही. काकू रुसली तरी नाही, पाया पडली तरी नाही. शाळा सुटल्यावर रोज दारात बसते. जी येईल तिला शून्यापासून नऊपर्यंत ओळखायला शिकवते. बाचे खाते अजून बंगल्याला बांधलेले आहे. ते मी त्याच्या पाठीमागे सोडवणार नाही. ज्या दिवशी तो चल म्हणेल, त्या दिवशी त्याच्याबरोबर शाखेत जाईन आणि शेजारी उभी राहीन, बोलायचे त्यानेच. तो कधीच म्हणाला नाही, तर ते तसेच राहील आणि मला ते पाहावे लागेल. येत्या वर्षी पुन्हा परीक्षा देणार आहे. जागा मिळाली तर घेईन. नाही मिळाली तर आहे तिथे मदतनीस राहीन. पण माझ्या कामासाठी माझा बाप आता कुणाच्याही दारात उभा राहणार नाही, आणि कुणाचा बाप माझ्या दारात उभा राहील असेही मी काही करणार नाही.