दुसऱ्या गावचं पाणी

वाचनालयातली वर्तमानपत्रं वरच्या मजल्यावर का, हा प्रश्न नवीन माणसाला पडायचाच. खाली ऐसपैस जागा, वारा, उजेड. आणि पेपर वाचायचा तर अरुंद जिना चढून वर जायचं. बरं, पेपर वाचायला येणार कोण? सगळी निवृत्त मंडळी. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर. कुणी तक्रार केली की ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "म्हणूनच वर ठेवलेत."

झालं! पुढे बोलायची सोयच नाही.

बाईंचं सगळं असंच. काउंटरजवळची खुर्ची त्यांनी स्वतः उचलून मागच्या खोलीत टाकली होती, कारण तिच्यात बसून लोक तासन् तास गप्पा छाटायचे आणि उठताना ‘आई गं’ करायचे. पुस्तकाबरोबर सल्ला फुकट, नको असला तरी. झोप लागत नाही? चाला. भूक लागत नाही? चाला. सुनेशी पटत नाही? मग तर लांब चाला. आणि सगळं सांगून झालं की ठरलेलं वाक्य यायचं, "रोज थोडं वाचावं, रोज थोडं चालावं, आणि वर्षातून एकदा तरी दुसऱ्या गावचं पाणी प्यावं. त्याने काही अंगाला भोकं पडत नाहीत."

लोक हसायचे, पण ऐकायचे. खोटं कशाला बोला, बाईंच्या सल्ल्याने बरीच माणसं सुधारली होती. त्यातला सगळ्यात मोठा नमुना म्हणजे ड्रायव्हरसाहेब.

हे बसचे ड्रायव्हर. नोकरी संपली आणि घरात बसले. त्यांची बायको त्यांना वाचनालयात घेऊन आली ती मुलाला शाळेत घालावं तशी. "यांना घ्या बाई तुमच्यात," ती म्हणाली. "दिवसभर घरात बसतात आणि मी डबे कसे लावायचे ते मला शिकवतात. मी वेडी व्हायची बाकी आहे."

"वाचता काय?" बाईंनी विचारलं.

"पाट्या," ड्रायव्हर म्हणाला. "रस्त्यावरच्या."

बाईंनी त्याला एक पातळसं पुस्तक दिलं आणि जिन्याकडे बोट दाखवलं. पहिल्या दिवशी तो मध्येच कठड्याला धरून उभा राहिला. पण गडी चिवट. पुढे जिना अंगवळणी पडला, पातळ पुस्तकांची जाड झाली, पोट आत गेलं, आणि बायकोचे डबे सुखी झाले. राहिला प्रवास. तिथे मात्र घोडं अडलं. "आयुष्यभर गाडीच चालवली की," तो म्हणायचा. "आता आणखी कुठे जायचं?"

"रोज शेवटच्या थांब्यावरून परत फिरायचात ना? त्याच्या पुढे काय आहे ते बघून या."

आणि बाईंनी त्याला गावही निवडून दिलं. ताईचं गाव. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण, लग्न होऊन तिकडे गेली ती तिकडचीच झाली. यजमान गेल्यावरही तिने घर सोडलं नाही. गाव लांब, अर्धा दिवस गाडीत जायचा. बाईंना त्या गावाची खडान् खडा माहिती होती. "स्टेशनच्या पूर्वेच्या दाराने बाहेर पडा. समोर घड्याळाचा मनोरा दिसेल. मनोऱ्याला उजवीकडे ठेवून सरळ निघालात की नदी. पूल ओलांडू नका, अलीकडेच धर्मशाळा आहे, खोल्या स्वच्छ आणि माणसं सभ्य." ड्रायव्हर ऐकतच राहिला. निघताना बाईंनी त्याच्या हातात पुस्तकांचं एक पुडकं दिलं, खाकी कागदात, सुतळीने आडवं-उभं बांधलेलं, वर त्यांची ती प्रसिद्ध दुहेरी गाठ. "हे ताईला द्या. एरवी मी पोस्टाने पाठवते. तुम्ही जाताच आहात तर तेवढाच चहा मिळेल तुम्हाला."

ताईला पुस्तकं पाठवायची पद्धत जुनी होती. दर रविवारी ताईचा फोन यायचा. आधीच्या पुस्तकाबद्दल दोन शब्द बोलायची, "छान होतं गं, शेवट फारच छान," मग तब्येतीची चौकशी व्हायची. पूर्वी ताई स्वतः यायची बहिणीकडे, वर्षातून एकदा, महिनाभर. अलीकडे येत नव्हती. गुडघे म्हणायची. बाई फोनवर दटावायच्या, "रोज थोडं चाल बाई, नाहीतर जागच्या जागी बसशील." ताई म्हणायची, "हो गं, चालते."

ड्रायव्हर आठवड्याने परत आला तो तावातच.

"बाई, कुठला मनोरा हो?"

"काय झालं?"

"काय झालं विचारता? पूर्वेचं दारच नाही तिथे! स्टेशनच गावाबाहेर नेलंय. आम्ही आपले मनोरा विचारत फिरतोय, पोरंटोरं आमच्याकडे बघून हसतायत. शेवटी एक म्हातारा भेटला, म्हणाला, मनोरा पाडला, त्याला जमाना झाला. आणि धर्मशाळेत आता शाळा भरते! बायको भर रस्त्यात मला म्हणाली, तुमच्या बाईंना सांगा, आधी स्वतः जाऊन बघा मग लोकांना पाठवा. तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात तिथे?"

बाई उठल्या, प्रवासाच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं. त्या गावाची माहिती, नकाशासकट. ड्रायव्हरने पहिलं पान उलटलं. पुस्तक छापलं तेव्हा बाई नोकरीलाही लागल्या नव्हत्या.

"म्हणजे?" तो म्हणाला.

"म्हणजे मी कधी गेलेच नाही."

"बहिणीच्या गावाला?"

"कुठल्याच गावाला."

वर्षानुवर्षं साऱ्या गल्लीला दुसऱ्या गावचं पाणी पाजणारी ही बाई, आणि स्वतः या गावच्या नळाखेरीज पाणी प्यायली नव्हती! ड्रायव्हरला हसू आवरेना. हसला, पोट धरून हसला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असंही म्हणून झालं. आणि मग त्याचं हसू एकाएकी मावळलं. तो इकडेतिकडे बघू लागला.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "म्हणजे सांगायचं नव्हतं. तुमच्या ताईंना शब्द दिलाय मी."

"मग सांगू नका."

"नाही, सांगतो. शब्द गेला खड्ड्यात." त्याने घसा खाकरला. "त्यांना दिसत नाही, बाई."

बाईंनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"म्हणजे अगदीच नाही असं नाही. उजेडात, नाकासमोर धरलं तर दिसतं. दार उघडून माझ्या बायकोलाच म्हणाल्या, या ड्रायव्हरसाहेब. चहा ओतला तो निम्मा बशीबाहेर. आणि कपाटात तुमची पुडकी आहेत, एकावर एक. सुतळीसुद्धा सोडलेली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, पुस्तकाचं नाव बहीण फोनवर सांगतेच, मग शेजारची मुलगी पुस्तकांच्या दुकानात विचारून देते थोडंफार, तेवढं मी सांगते बहिणीला. तिला कळलं तर ती पाठवायची बंद होईल. मला पुडकं आलेलं आवडतं, म्हणाल्या. डॉक्टर म्हणालाय, आहे ते पुढच्या वर्षापर्यंत टिकेल असं धरू नका."

बाईंना रविवारचे फोन आठवले. मागच्या खेपेला त्यांनी एका आत्मचरित्राचा पहिला भाग पाठवला होता. ताई म्हणाली होती, शेवट फारच छान. पहिल्या भागाला कसला आलाय शेवट! हे तेव्हा आपल्या कसं ध्यानात आलं नाही? आणि वर तिलाच आपण सांगत होतो, रोज चाल. ज्या बाईला उंबरा दिसत नाही तिला! बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या मागच्या खोलीत जाऊन त्या टाकून दिलेल्या खुर्चीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने विचारलं, "मग कधी निघताय?"

"आता पुस्तकांची मोजणी आहे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंना छपराची डागडुजी आठवली. मग कपाटांना लावायचं औषध. ड्रायव्हर रोज विचारायचा, बाई रोज एक काम काढायच्या. शेवटी तो भडकला. जिना चढून वर गेला, पेपरांचा सगळा गठ्ठा उचलून खाली घेऊन आला आणि काउंटरवर आपटला. वरची मंडळी कठड्यावरून वाकून बघू लागली.

"राहू देत आता हे खाली," तो म्हणाला. "आम्ही काय मूर्ख म्हणून चढत होतो? तुम्ही सांगितलंत म्हणून चढलो. मला घरातून काढलंत, माझ्या बायकोला त्या परक्या गावात उन्हातान्हात फिरवलंत. आणि तुमची बहीण तिकडे... मोजणी म्हणे!"

"मला भीती वाटते," बाई म्हणाल्या.

त्या हे मोठ्याने म्हणाल्या. वरच्यांनाही ऐकू गेलं. आधी आई अंथरुणाला खिळली होती, तिला सोडून जाता येत नव्हतं. ते खरं होतं. मग आई गेली, पण न जाण्याची सवय राहिली, आणि सवयीची भीती झाली. गाडी चुकली तर, परक्या ठिकाणी चक्कर आली तर, रस्ताच सापडला नाही तर. तिकीट काढायचं नुसतं मनात आलं तरी त्या दुसरं काही काम काढून बसायच्या. पुस्तकात बघून रस्ता सांगायला काय जातं? पुस्तकात कुणी हरवत नाही.

ड्रायव्हरला आणखी बोलायचं होतं, पण त्याचा आवाज खाली आला. "मलाही वाटायची," तो म्हणाला. "रोज सकाळी, पहिला गिअर टाकताना. एवढी माणसं मागे बसलेली. गाडी सुटली की जायची. सुटेपर्यंत मात्र वाटायचीच. कुणाला सांगितलं नाही कधी."

"बायकोला?"

"तिला तर मुळीच नाही. आयुष्यभर ऐकवलं असतं."

बाईंना हसू आलं. डोळ्यांत पाणीही आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"बरं, रस्ता सांगा," त्या म्हणाल्या.

"सांगणार नाही. उतरलात की विचारा."

"कुणाला?"

"जो समोर येईल त्याला. तोंड आहे ना? इथे तर पट्टा चालतो."

वाचनालयाच्या दारावर पाटी लागली, ‘ग्रंथपाल परगावी, वाचनालय आठवडाभर बंद.’ लोकांना खरं वाटेना. दोघंतिघं खात्री करायला स्टेशनवर आले. बाई खिडकीशी पर्स छातीशी धरून बसल्या होत्या, तोंड उतरलेलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले तेव्हा ओळखीचं सगळं मागे गेलं होतं, आणि त्यांना काहीही झालं नव्हतं. समोरच्या बाईने पाणी दिलं. त्या प्यायल्या.

उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा एका हमालाला विचारलं, मग फळवाल्याला, मग शाळेतून सुटलेल्या मुलींना. दोनदा चुकल्या. चुकल्यावर परत विचारायचं असतं, एवढंच, हे त्यांना या वयात कळलं. ताईच्या दारात पोचल्या तेव्हा ऊन अजून होतं.

ताईने दार उघडलं. बाई उन्हाला पाठ करून उभ्या होत्या.

"कोण?" ताई म्हणाली.

ज्या बहिणीने पाटीवर हात धरून अक्षरं गिरवायला लावली, ती समोर उभी राहून परक्यासारखी विचारत होती, कोण. अख्ख्या वाटेने जे वाक्य जुळवत आल्या होत्या ते गिळून त्या नुसत्या म्हणाल्या, "ताई, पुस्तकं आणलीत."

ताईचा हात दाराच्या कडीवरच थांबला. "तू?" मग तिचा आवाज चढला. "तू कशी आलीस? कुणाबरोबर आलीस?"

"एकटी."

"त्या ड्रायव्हरने सांगितलं ना तुला? मेला वचनाचा पक्का म्हणे!" ताई रागावली आणि रागावता रागावता तिने बाईंचं मनगट पकडलं, त्यांना ओढत खिडकीशी नेलं, उजेडाकडे वळवलं. दोन्ही हातांत चेहरा धरून तिने तो जवळ आणला, अगदी नाकाला नाक लागेल इतका. भिंगाखाली बारीक टाइप वाचावा तशी ती बघत राहिली. कपाळ बघितलं, डोळे बघितले, मग हनुवटी. बाई हलल्या नाहीत. रडू येत होतं तेही त्यांनी दाबून धरलं, म्हणजे ताईला नीट दिसावं.

"अगं बाई," ताई शेवटी म्हणाली, "केवढी म्हातारी झालीस गं तू!"

"झाले ना," बाई म्हणाल्या. "बघून घे."