विसाव्या चौकटीतला सरदार

महिपती जॉबर म्हणजे चादरीतला माणूस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चोवीस माग त्याच्या हाताखाली होते. नुसतं बोटानं चाचपून सूत कसलं आहे ते सांगायचा. कारखान्याच्या दारात एखादी बाई चादर घ्यायला आली की मालकाच्या आधी हाच पुढं. "वैनी, पयल्या धुण्यात आटणार बगा. मीटरमागं पाच-सा बोटं. आन गरम पाण्यात तर घालूच नका." बाईनं विचारलेलं नसायचं, तरी सांगायचा.

आता असा हा जाणता माणूस, वय पंचेचाळीस, मिशीला रोज तेल, दोन लेकींचा बाप. सुट्टीच्या दुपारी काय करायचा? तर मातीच्या शिपायांच्या लढाया खेळायचा. लाज म्हणून नाही.

जोडीदार सिद्रामप्पा, टॉवेल-चादरींचा दुकानदार. एका दिवाळीनंतर गल्लीतला किल्ला मोडला, तेव्हा उकिरड्यावर पडलेले मावळे या दोघांनी उचलले, पुढच्या वर्षी पोरांना उपयोगी पडतील म्हणून. पोरांच्या हाती ते काही परत लागले नाहीत. दुकानाच्या मागच्या खोलीत कापड मोजायचं लांबलचक टेबल होतं. त्यावर चौकडीची चादर अंथरायची, खाली पितळी वाट्या पालथ्या घालून डोंगर करायचे, आणि व्हायची लढाई सुरू. पायदळ एक चौकट चालणार, घोडा दोन. तोफेचा मारा मात्र दुकानातल्या मीटरपट्टीएवढा. पट्टी पोचली आणि फाशावर पाच किंवा सहा पडलं की समोरचा मेला. सरदार मेला की लढाई संपली.

महिपतीनं पुढं स्वतःची फौज घरीच केली. बत्तीस शिपाई, काळ्या मातीचे, रंगवलेले. त्यातला घोड्यावरचा सरदार त्यानं आपल्या वडलांवर काढला होता. अकलूजकडचे जोतीराम मुकादम. तसाच तिरका फेटा, तसंच पुढं आलेलं नाक. वडील जन्मात कधी घोड्यावर बसले नव्हते, ते लेकानं मातीत बसवले. फौज देखणी होती. फक्त जिंकत नव्हती. दीड वर्षात एकदा जिंकली, तेही सिद्रामप्पाला ताप होता म्हणून.

मग शहात्तरच्या उन्हाळ्यात महिपतीला अक्कल सुचली. त्याच्या ध्यानात आलं, की सिद्रामप्पा आपली तोफ कायम कोपऱ्यातल्या डोंगरावर ठेवतो. तिथनं विसाव्या चौकटीपर्यंतचं अंतर भरतं मीटर आणि वर चार बोटं. म्हणजे सरदार विसाव्या चौकटीत बसला की पट्टी पोचणारच नाही. या शोधानं तो इतका फुगला, की चहाच्या गाड्यावर चारचौघांत बोलून बसला, "येत्या सुट्टीला हरलो तर सगळी फौज तुजी, आप्पा. सरदारासकट."

सिद्रामप्पानं चहा संपवला आणि बरं म्हणाला. हे त्याचं जरा लवकरच झालं, असं महिपतीला वाटलं. पण आता चारचौघांनी ऐकलं होतं.

त्याच दुपारी सराव करताना महिपतीच्याच कोपरानं चहाचा पेला चादरीवर लवंडला. चादर कोरी करकरीत, दुकानातली. मी धुऊन आणतो म्हणाला आणि घरी नेली. डाग हट्टी निघाला, तेव्हा सरळ बंबातलं पाणी काढून भिजवली. केराबाई दारातनं बघत होती. लग्नाला वीस वर्षं झाली, नवऱ्याला कधी रुमाल पिळताना पाहिलं नव्हतं.

"गरम पान्यात घातलीसा व्हय?"

"चादरीतलं तू मला शिकवू नको," महिपती म्हणाला.

ती गेली बिचारी भाकऱ्या थापायला.

सुट्टीच्या दुपारी लढाई मांडली. महिपतीनं चौकटी मोजल्या, अठरा, एकोणीस, वीस, आणि वडलांना आरामात बसवलं. मग गालातल्या गालात हसत पायदळ पुढं काढलं. सिद्रामप्पानं सवयीनं मीटरपट्टी लावली. पट्टी फेट्याला टेकली आणि वर दोन बोटं पुढं गेली. फासा पडला. पाच.

महिपतीनं चौकटी पुन्हा मोजल्या. वीसच होत्या. त्यानं चादरीचा काठ बोटांत धरून चाचपला. सूत दाटलं होतं, वीण घट्ट बसली होती. बोटांना कळलं, मग त्याला कळलं, आणि कानापर्यंत लाल झाला.

तक्रार करता आली असती. मैदानच आखडलंय, डाव रद्द. पण हे सांगायचं कुणाला? चादरी विकणाऱ्या माणसाला. महिपती जॉबरला पहिलं धुणं कळलं नाही, हे सांजेपर्यंत अख्ख्या एमआयडीसीत झालं असतं. फौज गेलेली परवडली, असं त्यानं ठरवलं. सिद्रामप्पा एकेक शिपाई पिशवीत भरायला लागला. एकतीस गेले. सरदाराचा फेटा त्यानं चिमटीत धरला मात्र, महिपतीच्यानं राहवेना.

"ठेव खाली, आप्पा. चादर आटलीया."

"कशानं?"

"मी धुतली."

"गार पाण्यात?"

महिपती वाटीच्या डोंगराकडं बघत राहिला. सिद्रामप्पा खुर्चीत बसला, चष्मा काढला आणि डोळ्यांतनं पाणी येईस्तवर हसला. मग आपल्या कानडी हेलात म्हणाला, "येनरी, काय हो जॉबर, वैनींना इचारायचं होतं की."

तरी माणूस न्यायाचा. डाव रद्द धरला, पिशवी उपडी केली. पुढच्या सुट्टीला तीनदा धुतलेल्या चादरीवर, नव्यानं मापं घेऊन, लढाई परत झाली. यावेळी चादरीचा काही दोष नव्हता. महिपतीनं आपलं सगळं घोडदळ उत्साहाच्या भरात एकाच वाटीमागं कोंडलं आणि अर्ध्या तासात नीट, नियमानं, निर्विवाद हरला.

आता बत्तीस शिपाई सिद्रामप्पाच्या दुकानात टॉवेलांच्या वरच्या फळीवर उभे आहेत, मधोमध जोतीराम मुकादम. महिपती सुट्टीच्या दुपारी जातो, आधी वडलांच्या फेट्यावरची धूळ फुंकतो, मग आपलीच फौज मागून घेतो आणि हरतो. कारखान्याच्या दारात बाया अजून येतात. तो अजून बजावतो, मीटरमागं पाच-सा बोटं. फक्त आता मागनं कुणी फिसकन हसायच्या आत स्वतःच म्हणतो, "खोटं वाटत असंल तर माज्या बापाला इचारा, वैनी. फळीवर बसलाय."