कडी नसलेले फाटक

याकोबदाजी गेल्याची तार यवतमाळला आली तेव्हा दिग्रसची शेवटची बस निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी पोहोचलो, तोवर त्यांना मूठमाती देऊन झाली होती. ख्रिस्ती दफनभूमीत, फाटकाच्या आत. माझ्या खिशात त्यांचे दोन महिन्यांपूर्वीचे पत्र होते. त्यात एकच मागणी होती : "मले शांताजवळ ठेवजा. फाटकाच्या बाहेर."

शांताबाई माझी थोरली बहीण. दाजी मिशनच्या शाळेत शिकलेले सुतार. लग्नासाठी तिने बाप्तिस्मा घेतला होता. छप्पन साली मी बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला नागपूरला निघालो, तेव्हा ती माझ्यासोबत आली आणि तिनेही दीक्षा घेतली. परतल्यावर दाजींनी तिला एवढेच विचारले, "जेवली का तू?" आणि रविवारी एकटेच प्रार्थनेला गेले. पुढे चर्चच्या मंडळीने दफनभूमीच्या फाटकाचे काम त्यांना दिले. त्यांच्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अखेरच्या पानांवर स्वर्गातून उतरणारी एक नगरी आहे. तिला बारा वेशी आहेत आणि त्या कधीच बंद होत नाहीत. दाजींनी सागवानाच्या बारा फळ्या जोडल्या आणि कडी लावलीच नाही. मंडळीचे पंच चिडले. दाजी म्हणाले, "तिथंच कडी नाही, तं इथं कायले?"

बासष्टच्या लढाईत सारी मंडळी त्याच पानांवरच्या लाल अजगरात चीन शोधत होती. पंच बोटांवर त्याची शिंगे मोजून दाखवत. मी दाजींना चिडवले, "कुठवर आला तुमचा अजगर?" रंधा न थांबवता ते म्हणाले, "दिग्रसले कायले येईन तो, बाबू? इथं बस तं येत नाही टायमावर." त्या पानांवरची श्वापदे त्यांना कधी खरी वाटली नाहीत. वेशी मात्र खऱ्या वाटत. दार कशासाठी असते, हे त्यांना ठाऊक होते.

पुढच्या उन्हाळ्यात शांताबाई तापाने गेली. दाजी पंचांकडे गेले. तिने धर्म सोडला, आत जागा नाही, असे उत्तर मिळाले. तरी आम्ही तिला घेऊन निघालो. फाटकाला नवी साखळी आणि कुलूप होते. साखळी ओवायला दोन फळ्यांना भोके पाडली होती. दाजींनी एका भोकात बोट घातले... "लाकूड चिरलं," एवढेच म्हणाले. शांताबाईला कुंपणाबाहेर, नाल्याच्या काठी पुरले. त्यानंतर दाजी प्रार्थनेला गेले नाहीत. ती पाने मात्र वाचत राहिले.

दाजींना मूठमाती दिल्यावर पोहोचलो, त्या दिवशी त्यांचे ते पत्र मी पंचांना दाखवले. त्यांनी वाचले, घडी घालून परत दिले. "आमचा माणूस आहे. बाहेर कसा राहीन?" शांताबाई गेल्यापासून तो माणूस बाहेरच होता, हे मी बोललो नाही... बोलायला हवे होते.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. कुलूप होते. चावी पंचांकडे आणि पंच पुसदला. त्या नगरीबद्दल मला काही म्हणायचे नाही. मी तिथला नाही. फाटकाबद्दल सांगतो. इतके पावसाळे झाले, बारापैकी एकही फळी वाकलेली नाही. शांताबाईपासून कुंपणापर्यंत अकरा पावले भरली. पुढची, दाजींपर्यंतची, मोजता आली नाहीत.