सर्वांसाठी उतरणारे तात्याराव

धायरीचे तात्याराव पोस्टातून निवृत्त झाले तोवर माणूस अगदी सरळ होता. बिघडले ते एका शब्दापायी. नात निकितानं सहज सांगितलं, की 'बस' हा शब्द मूळचा 'ऑम्निबस'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'सर्वांसाठी'. फ्रान्समध्ये घोड्यांच्या गाडीला ते नाव पडलं आणि पुढे इंग्रजांनी मुंडकं उडवून नुसती शेपटी वापरात ठेवली. ऐकून तात्यारावांचे डोळे भरून आले. त्यांच्या वडिलांना गावच्या टांग्यात कुणी चढू देत नसे. इथे तर गाडीच्या नावातच सगळे होते.

पण डोळे पुसून गप्प बसतील तर ते तात्याराव कसले! भरलेली बस कुणाला थांब्यावर टाकून निघाली, की त्यांना ती शब्दाशी बेइमानी वाटे. मग ते स्वतः उतरत आणि खालच्याला वर चढवत. असं करत करत स्वारगेट गाठायला त्यांना अर्धा दिवस लागे. एकदा तर बायकोची वाट बघत उभ्या असलेल्या एका गृहस्थालाच त्यांनी आग्रहानं चढवून दिलं. कंडक्टर विचारत, "काका, आज कुठल्या स्टॉपवर उपकार?"

त्यांच्या पत्नी कांताबाई हे निमूट सोसत आल्या होत्या. पण त्या दिवशी स्वारगेटजवळच्या दवाखान्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि दुसरा डोळा आधीच गेलेला. त्यांना भयंकर भीती वाटत होती. आत नेईपर्यंत तुम्ही जवळ हवे, एवढंच त्यांनी बजावलं होतं. निकिता रिक्षा बोलावत होती. बस असताना रिक्षा कशाला, म्हणून तात्यारावांनी तो बेत मोडीत काढला.

सिंहगड रोडवर बस खच्चून भरली. एका थांब्यावर कॉलेजातली एक मुलगी दारातून मागे ढकलली गेली आणि तात्याराव सवयीनं उठले. कांताबाईंनी चाचपडत त्यांचा सदरा धरला.

"अहो, तुमच्या त्या सर्वांत मी येते का?"

 आजवर तात्यारावांनी परक्यांना जागा दिली होती, एका झिंगलेल्या माणसालासुद्धा, आणि ही प्रत्येक वेळी एकटी पुढे गेली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंडक्टरनं घंटी मारली. मुलगी खालीच राहिली.

"येतेस," असं म्हणून ते खाली बसले.

कांताबाईंनी मान डोलावली, पण स्वारगेट येईपर्यंत सदरा काही सोडला नाही.