साठ नाही, ब्याण्णव

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मावशी सव्वीस वर्षं काचसामान धूत होत्या. पण तराजूवर त्यांच्याइतका स्थिर हात कुणाचाच नव्हता, म्हणून विभागप्रमुख सर नमुन्याची मापं त्यांच्याकडूनच घेत.

त्या वर्षी व्हिनेगरमधल्या आम्लाची वाफ तोलायची होती. तिच्या वजनावरून रेणूचा भार निघतो. पुस्तकात होता साठ. मावशींचा आला ब्याण्णव.

"साठ लिहा," सर म्हणाले. "वाफ भरायचा काचेचा फुगा ओला राहिला असणार."

"कोरडा होता. पाचदा तोललाय."

"रेणू काय तुम्हाला विचारून वजन वाढवतो?"

"मला नाही विचारत. तुम्हालाही नाही."

दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला: कामात निष्काळजीपणा.

"लिहून टाक की साठ," घरी नवरा म्हणाला. "कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"माझ्या हाताचं जातंय," मावशी म्हणाल्या आणि जेवायला वाढू लागल्या.

सकाळी त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटातले अणूंचे रंगीत गोळे काढले. काळा कार्बन, लाल ऑक्सिजन, पांढरा हायड्रोजन. त्या आम्लाचे दोन रेणू जुळवले. प्रत्येकाच्या टोकाला एका कार्बनवर दोन ऑक्सिजन. एक दुहेरी बंधाने बसलेला, दुसऱ्याच्या डोक्यावर हायड्रोजन. टोकं समोरासमोर आणली, तर याचा हायड्रोजन बरोबर त्याच्या दुहेरी बंधाच्या ऑक्सिजनपाशी, आणि त्याचा याच्यापाशी. पाण्याचे रेणू एकमेकांना असेच धरतात, हे त्यांनी फळा पुसताना सरांच्याच तोंडून ऐकलं होतं. वाफेतही जोड्या होत्या!

गोळे घेऊन त्या थेट सरांच्या खोलीत गेल्या.

"एकट्याचा भार साठ, जोडीचा एकशेवीस. आपण तोललं त्या सव्वाशे अंशांवर बऱ्याच जोड्या टिकतात, म्हणून मधलं ब्याण्णव. भट्टीत अडीचशेपर्यंत तापवू. सगळ्या सुटतील. तेव्हा साठ आलं, तर माझं खरं."

"आणि नाही आलं तर?"

"तर दुसरा मेमो द्या."

मावशींनी सगळ्या शिक्षकांसमोर तोललं. साठ आलं. सरांनी ते दोन रेणू स्वतः जुळवून पाहिले.

"बरोबर आहे तुमचं," ते हळूच म्हणाले. "तो मेमो विसरून जा."

"तोंडी दिला नव्हता, तोंडी परत घेऊ नका."

सरांनी कागद ओढला. लिहिलं: 'सदर मेमो बहुधा चुकीने दिला गेला.' मावशींनी वाचलं आणि कागद परत टेबलावर सरकवला.

"'बहुधा' खोडा."

सरांनी खोडलं.