तळघरातल्या कड्या

बेटावर येणाऱ्या पाहुण्यांना किल्ला दाखवायचं काम ती एकतीस वर्षं करत होती. आवाज असा खणखणीत, की नाववाले तिला तोफ म्हणायचे. किल्ल्यावरच्या बाकीच्या गंजल्या, ही एकच अजून वाजते, असं हसून सांगायचे. पाहुण्यांचा जीव समुद्रात डुंबायला आसुसलेला असायचा, पण ती आधी त्यांना तळघरात न्यायची. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांना तिथे बांधून ठेवत. किल्ल्याचा दगडन्‌दगड त्यांनीच वाहिला होता. त्यांतलाच एक तिचा खापरपणजा. भिंतीतल्या लोखंडी कड्यांना ती प्रत्येकाला हात लावायला सांगायची.

मग किल्ल्याच्या कचेरीत नवा व्यवस्थापक आला. त्यानं तळघराला चुना फासला, दिवे लावले आणि ते मेजवान्यांसाठी द्यायचं ठरवलं. नव्या माहितीपत्रकात छापलं होतं, की तळघर म्हणजे मद्याचं जुनं कोठार. ते वाचून तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी तिनं भांडी अशी आदळली, की सून समजवायला आली. चार दिवस मजा करायला आलेल्यांना कशाला रडवायचं, असं ती म्हणाली. सासू तिच्याशी दोन दिवस बोलली नाही.

पहिली मेजवानी एका लग्नाची होती. सकाळीच टेबलं मांडून झाली, कड्या दिसू नयेत म्हणून भिंतींवर पांढरे पडदे सोडले. नवरी सजावट बघायला खाली आली होती. तेवढ्यात तोफ नेहमीसारखी पाहुण्यांना घेऊन जिना उतरली. व्यवस्थापक आडवा आला.

"मावशी, आज तळघर बंद आहे. त्यांना किनाऱ्यावर न्या."

तिनं त्याला बाजूला सारलं आणि पडदा खस्सकन ओढून काढला.

"कोठार होतं ना हे? मग दारूच्या पिंपांना बेड्या कशाला लागत होत्या, तेवढं या मुलीला सांग."

नवरीनं कडीला हात लावला, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि निमूट वर निघून गेली. दुपारी भर उन्हात सगळी टेबलं वाळूवर हलवावी लागली.

दुसऱ्याच दिवशी कचेरीनं तोफेचा बिल्ला काढून घेतला. नवरीनं म्हणे तिच्यासाठी आभाराची चिठ्ठी ठेवली होती. तोफेनं ती उघडलीसुद्धा नाही. माहितीपत्रक तर तसंच वाटलं जात होतं.

आता ती धक्क्यावर उभी राहते आणि होडीतून उतरणाऱ्याला गाठून सांगते. कुणी थांबतं, कुणी टोपी सावरत वाळूकडे पळतं. हल्ली सून पाणी घेऊन येते आणि तिच्याबरोबर उभी राहते. परवा एका कुटुंबाला सांगताना सुनेच्या तोंडून 'कैदी' असा शब्द गेला. तोफ चारचौघांत तिच्यावर कडाडली, "कैदी नव्हते ते. गुन्हा काय केला होता त्यांनी?"

सुनेनं त्या कुटुंबाकडे वळून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.